राक्षस मारणारी बाई शुद्धीत आहे

मृत्युपत्र लिहून ठेवणार: सुकेशनी चंद्रभान वाव्हळे, वय वर्षे ५९, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, दुय्यम निबंधक कार्यालय, राहणार परभणी.

कारणे लिहून ठेवते ते असे. आज मंगळवार आहे. माझे डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोके सगळ्यात स्वच्छ असते, म्हणून मंगळवार निवडला. अक्षर माझे आहे. "कोणाच्याही दडपणास बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर राहून, राजीखुशीने" हे वाक्य मी एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या दस्तांत तपासले. ज्यांच्या नावाने ते लिहिलेले असे, त्यांतले निम्मे दडपणाखाली असत, आणि दडपण आणणारा शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असे. मला त्या वाक्याची शिसारी आहे. पण त्याच्याशिवाय मृत्युपत्र होत नाही, म्हणून तेही लिहिले.

माझ्या बाबतीत ते सिद्धही करावे लागणार. माझा धाकटा भाऊ भागवत याने वकिलामार्फत मला नोटीस दिली आहे की मी वेडी आहे, सबब मी केलेला कोणताही दस्त तो मानणार नाही. पुरावा म्हणून त्याच्याकडे मोबाईलवर काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात मी दवाखान्याच्या पलंगावर पडून ओरडते आहे, "शेपूट तोडा, शेपूट!" व्हिडिओ खरा आहे आणि आवाज माझाच आहे. शेपूट तुटलेही होते.

कलम १. परभणीतील माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा कडुनिंब, माझ्या पगारातून बांधलेले आहे. त्यात वडिलांचा किंवा भावाचा एक खिळाही नाही. हे घर मी राजेश्री दत्तराव काकडे, वय २३, राहणार चारठाणा, ता. जिंतूर, हिला देते. नाते विचाराल तर डायलिसिसला तिचा पलंग माझ्या पलंगाशेजारी असतो, एवढेच.

राजेश्री आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला घर सोडते. चारठाण्याहून जिंतूर, जिंतूरहून परभणी. एसटी चुकली की डायलिसिसची पाळी चुकते. गेल्या पावसाळ्यात दोनदा चुकली. दुसऱ्यांदा छातीत पाणी भरले आणि तिला जीपमध्ये बसवून आणले, कारण आडवे झाले की तिला श्वास घेता येत नव्हता. पुढच्या वेळी ती जीपमध्येच मरेल, हे डॉक्टरांनी तिच्या आईसमोर सांगितले आहे. माझ्या घरापासून दवाखाना पायी दहा मिनिटे आहे. या घरावर दावा लागून ते पाच वर्षे कुलपात पडले, तर ती पाच वर्षे काढणार नाही. म्हणून हे मृत्युपत्र टिकले पाहिजे. बाकी सारी कलमे पायपुसण्यासारखी वापरा, हे एक जपा.

भागवतच्या कानावर हे गेले तेव्हा तो दारात उभा राहूनच म्हणाला, "आक्का, जातीबाहेरच्या पोरीला घर द्यायलीस? लोक काय म्हनतील?"

मी म्हटले, "जातीतल्या भावानं काय दिलं ते आधी सांग."

तो चप्पल घालून निघून गेला. नोटीस त्यानंतर आठ दिवसांनी आली.

कलम २. हे न्यायालयाच्या माहितीसाठी आहे, कारण नोटिशीत "अस्तित्वात नसलेल्या राक्षसांशी झुंज" असे म्हटले आहे. राक्षस अस्तित्वात नाहीत हे मला ठाऊक आहे. ज्यांना मी ओळखते ते सगळे नात्यातले आहेत.

ही झुंज म्हणजे हातात मावणाऱ्या यंत्रावरचा गेम आहे. माझी भाची निकिता, म्हणजे भागवतचीच मुलगी, पुण्यात नोकरीला असते. तिने तिचे जुने यंत्र मला आणून दिले, कारण चार तास छताकडे बघून माझा जीव आंबत होता. डायलिसिसला एका हातात दोन सुया असतात. तो हात हलला की मशीन बोंब मारते. पण या यंत्राच्या दोन्ही कडांच्या मुठी निघतात. डावी मूठ सुयांच्या हातात, तो हात पलंगावर सरळ. उजवी मूठ उजव्या हातात. पडदा मधल्या ताटाच्या टेबलावर. फक्त बोटे हलतात. हे ज्या बाईला सुचले ती वेडी असू शकते का, ते न्यायालयाने पाहावे.

शिकार चौघांनी मिळून करायची असते. आमच्या पाळीचे चौघे म्हणजे मी, राजेश्री, मानवतच्या जिनिंगमध्ये हमाली केलेले लिंबाजी आणि जमीनवाले व्यंकटराव. दुसरे यंत्र मी राजेश्रीसाठी घेतले. व्यंकटरावांनी नातवाचे आणले, लिंबाजींच्या पोराने कुठून तरी जुने मिळवले. माझ्याकडे हातोडा, राजेश्रीकडे धनुष्य, व्यंकटरावांकडे भाला आणि ढाल. लिंबाजींनी माणसाएवढी तलवार घेतली. "वजनाची सवय हाय मला," म्हणायचे.

नियम दोनच सांगते. चौघांत मिळून तीनदा कोणीही पडले, तर शिकार चौघांचीही बुडते. म्हणून जो कच्चा आहे त्याच्याकडे बाकीच्यांना लक्ष द्यावेच लागते. आणि राक्षस पडला की त्याचे कातडे, हाडे, नखे ज्याची त्याला मिळतात. कोणी कोणाच्या वाट्यातून उचलू शकत नाही, आणि "तू बाई माणूस, तुला कशाला लागतंय" म्हणून सोडायलाही लावू शकत नाही. एकतीस वर्षे मी वाटण्या पाहिल्या. सरळ वाटणी मी प्रथम या गेममध्ये पाहिली.

लिंबाजी मागच्या एप्रिलमध्ये गेले. त्या बुधवारी आम्ही तिघेच शिकारीला निघालो, तर एक माणूस कमी झाला म्हणून गेमने राक्षसाची ताकदही तेवढी कमी केलेली. राजेश्री रडायला लागली. मशीन ओरडायला लागली. मी तिला म्हटले, "हात हलवू नकोस, रडायचं तर सरळ पडून रड."

कलम ३. माझी दोन्ही यंत्रे डायलिसिस विभागातील कपाटात ठेवावीत. एक राजेश्रीने वापरावे, दुसरे जो नवीन येईल त्याने. नवीन माणसाला पहिले महिनाभर धीर देऊ नये, देवाची मर्जी वगैरे सांगू नये, मावशी-काका म्हणून गोंजारू नये. मुठी हातात द्याव्यात. माझ्या यंत्रातला "आक्का" नावाचा शिकारी पुसून टाकावा. मेलेल्याच्या हत्याराने कोणी शूर होऊ नये.

कलम ४. व्यंकटराव यांना मी काहीही देत नाही. याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये म्हणून खुलासा करते.

पहिल्या महिन्यात त्यांनी सिस्टरला सांगून पलंग बदलून मागितला होता. कारण "पंख्याचं वारं लागतंय" असे दिले. पंखा बंद होता. असली कारणे मी जन्मापासून ऐकत आले आहे, मला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरा पलंग रिकामा नव्हता म्हणून ते राहिले. पुढे गेम आला. एकदा त्यांचा शिकारी मरायला टेकला आणि मी औषधाची पूड उडवली. ती एकाने उडवली की चौघांनाही लागू पडते. ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, वाचवलं तुमी."

मी विचारले, "माझ्या हातचं चाललं का?"

पुढच्या शुक्रवारी त्यांनी डबा उघडला, झाकणात एक धपाटे ठेवले, झाकण माझ्या ताटाशेजारी सरकवले आणि म्हणाले, "मीठ कमी हाय. खा." मी खाल्ले. माफ केले असे मी म्हणाले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. हा हिशेब मी इथेच मिटवते.

त्यांना मी वडिलांचे मनगटी घड्याळ देणार होते. ते म्हणाले, "मला देऊ नका काई. वाटेकरी झालो तर साक्षीला कोन उभं ऱ्हाईल? तुमचा भाऊ मलाच आधी खोटा पाडंल." कायद्याचे एवढे डोके मी फार कमी जमीनवाल्यांत पाहिले. घड्याळ निकिताला द्यावे.

कलम ५. बँकेत जे शिल्लक असेल ते निकिताला. तिनेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. बापाविरुद्ध उभे राहावे लागेल, हे मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आत्या, तुमी लिहा." बाकी ती माझ्यासारखी आहे, जास्त बोलत नाही.

कलम ६. माझे डोळे दान करावेत. भंतेजींना बोलावून त्रिशरण, पंचशील घ्यावे. फोटोला हार नको. पुण्यानुमोदनाच्या जेवणात भागवतने पंगतीत वाढायला फिरू नये. त्याला लोकांसमोर वाढायला फार आवडते. आणि कोणीही नारळ आणू नये. मूत्रपिंडाच्या रोग्याला नारळपाणी विषासमान असते. भागवत साडेतीन वर्षे प्रत्येक भेटीला शहाळे घेऊन आला. "पी आक्का, गार असतंय." प्रत्येक वेळी सिस्टर ते उचलून बाहेर ठेवत. प्रत्येक वेळी तो विसरला. द्वेष असता तर मला समजले असते. द्वेष करायलाही माणसाकडे थोडे लक्ष द्यावे लागते.

कलम ७. आता नोटिशीचे उत्तर.

आमच्या वडिलांची जिंतूर रस्त्यावरची जागा भागवत आणि मी, दोघांच्या नावावर होती. माझी मूत्रपिंडे गेली तेव्हा भागवत म्हणाला, "आक्का, माझी एक किडनी तुझी." तपासण्या झाल्या, जुळले. मग तो म्हणाला की शस्त्रक्रियेत आपले काही बरेवाईट झाले तर मनिषाला, म्हणजे त्याच्या बायकोला, आधार हवा. जागा एकट्याच्या नावावर असली तर बरे.

माझ्या टेबलासमोर हक्कसोडपत्र करायला आलेल्या प्रत्येक बाईचा भाऊ मी बाहेर पाठवत असे. "चहा पिऊन या," म्हणायचे, आणि तो गेल्यावर बाईला दस्त वाचून दाखवायचे. तिला विचारायचे, बाई, साडीचोळीवर सोडताय की समजून सोडताय? कित्येक जणी मधूनच उठून गेल्या. भाऊ लोक मला शिव्या देत. ते मला भूषण वाटे.

१६ फेब्रुवारी २०२३ रोजी मी त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. आमचा कनिष्ठ लिपिक आश्रुबा दस्त हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, वाचून दाखवू का? सायबांना बाहेर थांबा म्हनू का?"

मी म्हणाले, "मला वाचून दाखवतोस होय रे? आण इकडे."

अंगठा दिला, फोटो दिला. भागवत शेजारी बसून हसत होता. मीही हसत होते, फोटोत दिसते. महिन्याने त्याचा फोन आला. "आक्का, मनिषा न्हाई म्हनायलीय." मागे टीव्ही चालू होता. त्याने तो बंदही केला नव्हता. मला भागवतची किळस येते. त्या फोटोत हसणाऱ्या बाईची त्याहून जास्त येते, कारण तिला सगळे माहीत होते.

आता वकिलांची नोटीस पाहावी. परिच्छेद तीन: "सदर महिला जून २०२२ पासून गेमच्या आहारी जाऊन पूर्णतः मानसिक संतुलन गमावून बसली असून, तेव्हापासून तिला स्वतःच्या कृतीचे परिणाम समजत नाहीत." सोबत जोडलेला व्हिडिओ भागवतने दिवाळीच्या सुट्टीत, शुक्रवार, २१ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वतः काढला आणि त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "आक्का राक्षस मारायलीय" असे लिहून, खाली हसणारी तोंडे. तो मेसेज निकिताने जपून ठेवला आहे.

तेव्हा न्यायालयाने भागवतला एकच प्रश्न विचारावा. मी शहाणी असेन, तर हे मृत्युपत्र खरे आणि घर राजेश्रीचे. मी जून २०२२ पासून वेडी असेन, तर फेब्रुवारी २०२३ चे हक्कसोडपत्र त्याने एका वेड्या बाईकडून, ती वेडी आहे हे माहीत असताना करून घेतले. मग ते रद्द व्हावे, आणि वडिलांच्या जागेतला माझा अर्धा हिस्सा मी याच कलमाने राजेश्रीला देते. दोन्हींतून त्याने एक निवडावे. दस्त कच्चा कुठे असतो ते मला कळते, भागवत. मी एकतीस वर्षे तेच काम केले आणि एक दिवस केले नाही.

आणि हे न्यायालयासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तू पहिल्याच दिवशी "आक्का, मला भीती वाटती" म्हणाला असतास, तर मी तुला जवळ घेतले असते, आणि जागा तशीच लिहून दिली असती.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर त्यांनी "पूर्ण शुद्धीत" यापुढे स्वतःहून "आणि संतप्त" असे लिहिले आहे, ते मी खोडलेले नाही.

ठिकाण: परभणी
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५

सही: सुकेशनी चंद्रभान वाव्हळे

साक्षीदार:

१. व्यंकटराव माणिकराव शिंदे, रा. मानवत. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीत होत्या. मी सव्वातीन वर्षे त्यांच्यासोबत आहे, त्या कधीच बेशुद्ध नव्हत्या.

२. आश्रुबा किसन खंदारे, कनिष्ठ लिपिक. सही करण्यापूर्वी दस्त अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मॅडमनी ऐकून घेतला.