दुसरी तार

शुक्रवार, चैत्र, १९७३. रात्र.

गावच्या सोसायटीच्या चेअरमननं रेडिओची दुसरी तार तोडली!

सोसायटीच्या रेडिओवर संध्याकाळी दुष्काळी कामांची ठिकाणं सांगतात, आणि नेमकं तेव्हाच दूरचं एक स्टेशन त्यावर चढून गाणी ओरडतं. फौजेत बिनतारी यंत्रं सांभाळलेल्या गौतमरावांनी त्यावर इलाज काढला होता. एरियलची एक तार सोसायटीच्या खांबावर, दुसरी बौद्धवस्तीत, विहारापुढच्या खांबावर. दोन्ही तारांतून येणारा आवाज असा जुळवायचा की नको ते गाणं एकमेकांत विरून जावं आणि बातमी उरावी. संध्याकाळ सरेल तसं ते जुळणं बिघडतं, म्हणून गौतमराव बटण फिरवत रेडिओशेजारीच बसत. पंधरा दिवस शब्द न् शब्द ऐकला आम्ही.

चेअरमन म्हणाले, "त्यांच्या खांबाचे उपकार कशाला? आपलाच उंच करू." आज केला. बातमीबरोबर गाणंही मोठं झालं! "येडशीपासून..." एवढंच कळलं. खडी फोडायला माणसं जाणार कुठं? आणि हेच गृहस्थ उद्याच्या सभेत मला सहकारावर बोलायला उभं करणार!

मी गौतमरावांना म्हणालो, "दुसरी तार गावातल्या माझ्या घराच्या माळवदावर बांधा."

"तुमच्या माळवदावर चेअरमनला चालंल, भाऊ," ते म्हणाले. "म्हणूनच तिथं न्हाय बांधायची."

तेव्हापासून संताप माझ्यावरच. इलाज सुचवत होतो की पळवाट?

सकाळी सायकलनं येडशीला जाऊन कामाचं ठिकाण विचारून येईन. पण सभेत, ती तार विहारापुढं पुन्हा जोडेपर्यंत, तोंड उघडणार नाही. मी, ज्याला आजवर कुणी गप्प बसवू शकलं नाही.