बावटा खाली आहे

४ जानेवारी
टेकडीवरची वेधशाळा आजपासून माझ्या ताब्यात! बायको खूश, खिडकीतून अख्खी खाडी दिसते, पलीकडच्या काठावर तिच्या बहिणीच्या घराचं छप्परसुद्धा. वायुभारमापक तिरका टांगलेला होता, तो आधी सरळ केला. कॉलेजची पायरी न चढता मी हे शास्त्र शिकलो. हवा मला वाचता येते. वादळाची चिन्हं दिसली की डोलकाठीवर लाल बावटा चढवायचा, मग खाडीपलीकडे जाणारी लाँच सुटत नाही. एवढंच काम.

९ जानेवारी
पहारेकऱ्याच्या तोंडी सारखे ‘जुने साहेब’. जुन्या साहेबांना वारा आधीच कळायचा. जुने साहेब बावट्याची तिकोनी घडी घालून टोक आत खोचायचे. मागच्या हिवाळ्यात बावटा चढवतानाच डोलकाठी अंगावर पडून गेले, तेही जणू मोठं कर्तृत्व. आज हीसुद्धा म्हणाली, देवमाणूस असणार. हिने पाहिलंय कधी त्याला?

१३ जानेवारी
सकाळी बावटा वर. मी चढवलेला नाही. पहारेकऱ्याला झापलं, तो शपथा घ्यायला लागला. दुपारी खरोखरच वारा सुटला. संध्याकाळी लाँचवाले वर आले, नव्या डोलकाठीवर मायेने हात फिरवून गेले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

१४ जानेवारी
भर हिवाळ्यात दक्षिणेचा दमट, उबदार वारा. वायुभारमापकाचा पारा उतरतोय. थंड हवेची आघाडी उद्या पोचेल, वादळ तिच्यासोबतच येईल. गणित माझं आहे. तरी बावटा आजच वर! उतरवला. मुद्दाम चौकोनी घडी घातली, कपाटात टाकला, किल्ली खिशात. वादळ माझ्या शब्दावर येईल, त्या जुन्या साहेबाच्या नाही.

ही लाँचने बहिणीकडे निघाली होती. दारातून विचारलं, “अहो, बावटा खाली आहे ना? मग जाते.”

मी हो म्हटलं.

दुपार
पश्चिमेला ढगांची काळी भिंत. आघाडीच्या पुढे — आघाडीच्या पुढे धावतंय वादळ. हे मला — त्याला माहीत होतं. बावटा चढवायला हवा, आत्ता. बंद कपाटात काहीतरी फडफडतंय. आत वारा कुठून?

किल्ली फिरत नाही. छपराचे पत्रे उडाले. लाँच खाडीच्या मध्यावर, आडवी —

आता दिसत नाही.

कपाट आपणहून उघडलं. बावटा नाही. हिची शाल. निथळतेय. तिकोनी घडी, टोक आत —