न उचललेला बेल

बाबा, काल मी भजनाला गेले आणि तुमच्यावरून भांडून घरी आले.

आमच्या अकोल्याच्या कॉलनीत दर सोमवारी बायकांचं भजन असतं आणि मी पेटी वाजवते. तुम्हाला हे फारसं रुचलं नसतं, पण तुम्ही कधी आडवेही आला नसता, म्हणून सांगून टाकते. काल आरती झाल्यावर केळी वाटता वाटता एक बाई म्हणाली, "ज्याले देवाचं भेव नाई त्याचा काय भरोसा बाप्पा? तो कायबी करीन." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच सणकलं. "माझा बाप देव मानत नव्हता," मी म्हटलं, "त्याच्याएवढा भरवशाचा माणूस तुमच्या सात पिढ्यांत दाखवा." एवढं बोलून गप्प बसावं की नाही? पण मी तुमची ती बियाण्याची गोष्ट सांगितली, तुम्ही सांगायचात अगदी तशीच. ऐकता ऐकता एकीनं तर डोळे पुसले. मी केळ तिथंच ठेवलं, चपला घातल्या आणि तडक घरी आले. कारण बाबा, ती गोष्ट तशी नाही.

तिवस्याजवळचं ते गाव, तुमची हायस्कुलातली नोकरी, मी नववीत. वर्षंच वाईट होती. आदल्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायचीच बंद झाली होती. तिच्या बापाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पेरणी फसणं म्हणजे काय, हे त्या वर्षांत लहान पोरालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. अशात तुम्ही आम्हाला उगवण चाचणी शिकवायला घेतली. पोरांना म्हणालात, घरी पेरायला ठेवलेल्या सोयाबीनचं मूठमूठ बी घेऊन या. ओल्या गोणपाटात ते दाणे ओळीनं मांडून गुंडाळ्या केल्या आणि आपल्या सैपाकघरात माठाच्या आडोशाला ठेवल्या. आई रोज करवादायची, "हे सैपाकघर हाय का वावर?" पाणी शिंपडायचं काम माझं होतं. चार-पाच दिवसांनी गुंडाळ्या सोडल्या तेव्हा मी तुमच्या शेजारीच उकिडवी बसले होते. घरचं राखलेलं बी छान पांढरे कोंब काढून बसलं होतं. गावातल्या कृषी केंद्रातून आणलेलं नवं बी मात्र फुगून, बुळबुळीत होऊन सडलं होतं, निम्मंही उगवलं नव्हतं. तुम्ही एक सडका दाणा बोटांत चिरडून पाहिलात. मग म्हणालात, "पाऊस तं झाला. उद्या-परवा तिफनी निंघतीन पेरनीले."

तुम्ही गावभर सांगितलं, ते बी पेरू नका. कृषी केंद्राचा दुकानदार खवळला. तो काही वाईट माणूस नव्हता, हे आज मी म्हणू शकते. देवळाचा सभामंडप त्यानं बांधून दिला होता, शिवरात्रीला गावजेवण घालायचा, आणि कंपनीनं दिलं ते बी चांगलंच असणार असं त्याला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, "गुरुजी देवळात पाय ठेवत नाईत. माह्यावर त्याईचा राग हाय. बी उकळत्या पान्यात टाकलं असन घरी." झालं! गावाला पटलं. जो माणूस शाळेच्या प्रार्थनेला येऊन हातसुद्धा जोडत नाही, तो पाणी उकळणार नाही कशावरून?

संध्याकाळी महादेवाच्या देवळापुढं गाव बसलं. ठरलं की दोघांनी बेल उचलून शपथ घ्यावी. दुकानदार पुढं झाला, पिंडीवरचा बेल उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, "माहं बी खरं हाय, खोटं असन तं माहं वाटोळं होवो." मग सगळे तुमच्याकडे वळले. तुम्ही मंडपाच्या पायरीखाली उभे होता, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. तुम्ही म्हणालात, "म्या डोयानं पायलं ते सांगतलं. बेल मी उचलत नाई."

मला अजून तो गलका ऐकू येतो. कुणी म्हणालं, पाय, कसा फिरला मास्तर. पिठाच्या गिरणीवाले चाचा, ज्यांना तुमच्याविषयी खरी कळकळ होती, ते उठून जवळ आले. "गुरुजी, आमी कुराणावर हात ठेवतो, हे लोकं बेल उचलतात. तुमी कायच्यावर हात ठेवता, ते तं सांगा. कोनी मना नाई करत." तुम्ही म्हणालात, "माहा शब्द हाय, चाचा." मागून एक जण खिदळला, "शब्द तं फुकट भेटते!" आणि मग त्या म्हाताऱ्या सरपंचानं तोडगा काढला. देव नाही तर नाही, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा.

मला कुणी ढकललं नाही. मी आपणहून पुढं आले आणि तुमच्यासमोर मान खाली घालून उभी राहिले. मला वाटलं, आता सुटलो आपण. तुमचा हात आला असता तर मला किती बरं वाटलं असतं! तुम्ही दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणालात, "घरी जाय." मी रडत घरी आले. मला तुमचा इतका राग आला होता, बाबा, की तुम्ही खरं बोलताय हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं असूनही क्षणभर मलाच शंका आली.

घरी आईनं तुम्हाला भाकर वाढली आणि ताटासमोरच बसली. "पान हाय ते. बकरी खाते ते पान. तुमच्या लेखी देव नाई ना? मंग पान उचलाले काय जाते तुमचं?"

"माह्या लेखी पान हाय. त्याईच्या लेखी नाई. मी उचललं तं ते समजतीन का मी देवाले घाबरून खरं बोलून राहिलो. ते खोटं होईन."

"अन् लोकं उद्या सडकं बी पेरतीन, ते चालते तुमाले? एवढी तुमची खऱ्याची चैन?"

भाकर तशीच राहिली. आईचं बरोबर होतं की तुमचं, हे मला आज, केस पिकायला लागल्यावरही, नीट सांगता येत नाही. एकदा वाटतं, गावाच्या तोंडचा घास जात असताना असली सोवळी सांभाळणारा माणूस कसला? आणि एकदा वाटतं, तुम्ही तिथं वाकला असता तर पुढं मी कुणाचं ऐकलं असतं?

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकली आणि गोणपाटाची गुंडाळी काखेत मारून दारोदार फिरलात. काहींनी दार लोटून घेतलं, काहींनी नुसताच चहा पाजला. दिवेलागणीला तुम्ही परत आलात आणि बाजेवर बसून हसायला लागलात. लोक बियाण्याच्या थैल्या परत करायला दुकानावर गेले होते. सगळे नाही, पण बरेच. ज्यांनी तरीही पेरलं त्यांची वावरं पुढं काळीभोर राहिली, आणि मग कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. पण त्या संध्याकाळी तुम्ही म्हणाला होतात, "पाय, बेल लागला नाई. मानसाचा शब्द पुरते मानसाले." तुम्हाला इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई चुलीपुढून उठली नाही.

कारण बाबा, त्या सकाळी तुम्ही घराबाहेर पडलात आणि मी देवळात गेले. पिंडीवर पाणी घालायला बायकांची गर्दी होती. मी त्यांच्यासमोर बेल उचलला. म्हटलं, "त्या गोणपाटावर पानी मीच शिंपडत होती. बाबानं काईच केलं नाई. खोटं असन तं माहे डोये जावोत." एकही अक्षर खोटं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कळशा उचलल्या आणि घरोघरी गेल्या. पोट्टी खोटा बेल उचलणार नाही, एवढंच त्यांनी नवऱ्यांना सांगितलं. तुम्ही ज्या दारांत उभे राहिलात, तिथं माझी शपथ तुमच्या आधी पोचली होती.

त्याच पंधरवड्यात माझे डोळे आले, आठवतं? पावसाळ्यात येतात तसेच. तुम्ही गुलाबपाणी घालत होता आणि मी इतकी का रडते ते तुम्हाला कळेना. खरी शपथ घेऊनही मी भेदरले होते. शेजारच्या बायका डोकावून जात होत्या. पुढं आपण अमरावतीला राहायला आलो, तेव्हा एकदा मी तुम्हाला विचारलं, माझ्या डोक्यावर हात का ठेवला नाही? तुम्ही म्हणालात, "तुले कधी साधा ताप आला असता तरी गावानं म्हटलं असतं, बापानं खोटी आन घेतली. ते वझं तुह्या डोक्यावर काहून देऊ?" तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईनं आधीच बजावलं होतं, "एवढं तं राहू दे त्याईच्यापाशी."

आता माझी पंचाईत बघा. पुढच्या सोमवारी खरं सांगितलं तर त्या बाया म्हणतील, पाय, शेवटी देवच लागला ना! आणि ते काही खरं नाही. गावाला देव लागला असेल, पण सडकं बी पाहून सगळ्यांच्या दारी जाणाऱ्या तुम्हाला नाही लागला. हे त्यांना कसं समजावू? आणि नाही सांगितलं, तर पेटीवर बसून अभंगाला सूर कोणत्या तोंडानं देऊ?

हे कागद मी कुठं टाकणार आहे? तुमच्या मते तुम्ही आता कुठंच नाही, आणि माझ्या मते जिथं आहात तिथं पोस्ट जात नाही. एकच सांगायचं राहिलं. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही त्या तरुण डॉक्टरला ही गोष्ट सांगितलीत. धाप लागत होती, तरी पुरी केलीत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "बेल न उचलता गावानं ऐकलं माहं. होय का नाई वं?" तुम्ही जन्मभर माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. आपल्या दोघांत देव मानणारी मी, आणि मी तुमचा हात धरून म्हटलं, "होय, बाबा." तुम्ही आत्ता पुन्हा विचारलं तरी मी तेच म्हणीन.