कानटोपीशिवाय

बाबा, आज पहाटेपासून असा वारा सुटला आहे की खिडकीच्या फटीत जुनं फडकं कोंबून बसलो आहे. तरी सकाळी ग्वारीघाटावर जाऊन आलोच. नर्मदेवर धुकं, माणसं शालींत गुरफटलेली. मोबाइलवर शंभरेक फोटो काढले, धड एकही नाही. बोटं मात्र बधिर झाली.

तुम्ही होतात तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचा. त्या दिवशी माझ्या रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. खमरियाच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात आईनं तुम्हाला आल्याचा चहा दिला, कानटोपी हनुवटीपर्यंत ओढली, वर मफलर बांधला आणि मला बजावलं, "यांना लवकर आण हं. छाती भरते यांची." तुम्ही नुकतेच रिटायर झाला होतात. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कॅमेरा नेता यायचा नाही, म्हणून इतक्या वर्षांच्या नोकरीचा तुमचा एक फोटो नव्हता. निदान आता तरी एक चांगला काढावा, एवढीच माझी हौस.

घाटाच्या पायरीवर तुम्ही उभे राहता. मी कॅमेऱ्यातून बघतो, तर टोपीत गुंडाळलेला कोणीही म्हातारा दिसतो. वारा फोटोत दिसायचा तर काहीतरी उडायला हवं. मी म्हणतो, "बाबा, टोपी काढा ना. मफलर पण." तुम्ही म्हणता, "अरे, थंडी वाजून राहिली." "एकच मिनिट." तुम्ही मुकाट्यानं दोन्ही काढून काखेत धरता. मग वारा पडतो. मग धुकं आडवं येतं. मग वाऱ्याचा झोत येतो आणि माझ्या घाईत एक फोटो वाया जातो. उरलेल्या एकासाठी मी तुम्हाला अर्धा तास तसंच उभं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताप चढला. दवाखान्यात आईनं विचारलं, "पण टोपी काढली काहून?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणालात, "मलाच गरम होऊन राहिलं होतं." तुम्ही बरे होऊन घरी आलात की आईला खरं सांगू, असं मी ठरवलं. तुम्ही आलाच नाहीत.

त्याच फोटोला आता हार असतो. पांढरे केस उडालेले, येणारा-जाणारा तारीफ करतो. आज दुपारी आई माझ्या मुलीला स्वेटर चढवत म्हणाली, "घाल ग. तुझे आजोबा असेच हट्टी. कोणाचं ऐकलं नाही, गेले मला टाकून." वीस वर्षं ती तुमच्यावर राग धरून आहे, बाबा, आणि मी समोर बसून वरणभात कालवत होतो. लाज वाटते मला. तुमच्या माथी तो हट्टीपणा मीच मारून ठेवला आहे.

हे आईला वाचून दाखवायला हवं. आज दाखवणार नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उलट विचारत नाही. म्हणून एक तुम्हालाच सांगतो. फोटोच्या नादात माझं तुमच्याकडे लक्ष नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. तसं नव्हतं. तुमचे ओठ थरथरत होते, ते मला कॅमेऱ्याच्या काचेतून स्पष्ट दिसत होतं. चेहऱ्यावर तेच मला हवं होतं, म्हणून मी आणखी थोडा थांबलो.