सहा बोटं, पण कुणाची?

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

वहीबाई, माफ कर. दिवाळीपासून तुला उघडलंच नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही — कागदावर आलं की ते खरं होईल, अशी भीती. म्हणून उशीर.

शिवलिंगप्पाला सोलापूरला नेलंय. घशात गाठ. महिना होऊन गेला. इथं ईट गावातल्या त्याच्या दुकानाला कुलूप आहे, नागम्मावहिनीही तिकडंच. दिवस कलला की माझे पाय आपोआप त्याच्या ओट्याकडं जातात अन् कुलूप बघून माघारी येतात. चांगुणा म्हणते, "अवो, रोज रोज काय बघता? कुलूप निराळं असतं व्हय?"

२० डिसेंबर

फोन लावला. त्याच्या मुलानं, बसवेशनं उचलला. "काका, ऑपरेशन झालं. बाबांना आता बोलता येत न्हाय. महिनाभर भेटायला बी कुणी येऊ नका." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणले, धुरानं झालं."

धुरानं!

"जेवला का?" एवढंच विचारलं. कुणाला विचारलं, तेही कळलं नाही.

२१ डिसेंबर

सकाळपासून डोक्यात चिलीमच.

माझी अन् शिवलिंगप्पाची सगळी भांडणं तिच्यावरून. पन्नास वर्षं! मला आखूड लागते. मूठ मिटली की तोंड तेवढं वर दिसावं — धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट. विहिरी खोदायच्या कामावर होतो. लांब चिलीम बंडीच्या खिशात ठेवली की वाकताना मोडायची. शिवाय आखूड चिलमीची ऊब तळहाताला लागते. थंडीत तेवढंच सुख.

त्याला पाहिजे लांब, सरळ, गाजरासारखी निमुळती. म्हणायचा, "धूर चालत यावा, गार होत यावा. तुझी चिलीम म्हंजे चुलीत तोंड घालणं हाय, व्यंकट!"

"मग तू तुझी लांब घे की!"

"एकट्यानं वडायला मी काय बैरागी हाय?"

असं म्हणून माझीच ओढायचा.

हरणाबाई कुंभारणीला वर्षाच्या चिलमींचं माप मात्र दोघंही एकच सांगायचो — सहा बोटं. त्याची बोटं जाड, केळ्यासारखी. माझ्या काटक्या. त्याची सहा म्हणजे माझी आठ! ती विचारायची, "सहा बोटं खरी, पर कुणाची?" मग ठरलं — जो आधी पोचेल, त्याचं माप. दरवर्षी मीच आधी पोचायचो. अन् त्याला चिडवायचो!

२३ डिसेंबर

आखूड चिलीम म्हणजे विस्तव जवळ. विस्तव जवळ म्हणजे धूर गरम. पन्नास वर्षं मी त्याच्या घशात गरम धूर घातला. तो सांगत होता — चुलीत तोंड घालणं हाय म्हणून. मी हसत होतो.

चांगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "उगं कायबी बरळू नका. तुमच्या घशानं बी त्योच धूर खाल्ला की. तुमाला का न्हाय झालं मग?"

दगडाची धूळ खाऊन माझा घसा निबर झाला असेल. तो सावलीतला माणूस.

२४ डिसेंबर

फोन लागला नाही.

२७ डिसेंबर

छापी काढून बघितली. चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं ओलं फडकं, त्यातूनच धूर ओढायचा.

मी वीस-बावीस वर्षांचा असेन. त्यांच्या दुकानाची विहीर खोदत होतो. तेव्हा आम्हाला तंबाखू वरून हातावर टाकायचे. चिलीम कुणी देत नव्हतं, अन् आमची कुणी घेत नव्हतं. दुपारी मी दगडावर बसून ओढत होतो. शिवलिंगप्पा आला, शेजारी बसला. म्हणाला, "दे की." मी दिली, पण छापी काढून दिली. त्यानं स्वतःची गुंडाळावी म्हणून. तो म्हणाला, "चिलीम नागडी देतो व्हय रं? छापीसकट दे." माझ्याच फडक्यातून ओढली. ठसका लागला. मग चिलीम दगडावर दोनदा ठोकून झाडली अन् परत दिली. टक टक. शेवटपर्यंत तसंच — दोनदाच ठोकणार.

त्यावरून त्याच्या बापानं त्याला चपलेनं मारलं. दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला. तरी आला.

असल्या माणसाचा घसा जाळला मी.

३० डिसेंबर

एसटी स्टँडवर गेलो. बार्शीवरून सोलापूरला जाणारी गाडी आली, माणसं बसली, गाडी गेली. बसवेश नको म्हणालाय, अन् जाऊन तरी काय बोलणार? त्याला बोलता येत नाही. मला येतं, पण तोंड नाही.

३ जानेवारी २०२५

हरणाबाईकडं गेलो. संक्रांतीची सुगडी वाळत घातलेली, पाय ठेवायला जागा नाही. म्हणालो, "एक लांब चिलीम कर. सहा बोटं — शिवलिंगप्पाची."

"त्यांची बोटं कुठायत हितं?"

"माझी आठ धर."

"ओली आठ केली तर भाजून साडेसात भरत्याल." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "आबा, ते आता वडणार हायत व्हय?"

"ओढायला नाही. उशाला ठेवील. म्हणजे त्याला कळेल."

"काय कळंल?"

चुकलो म्हणून. हे फक्त इथं लिहितोय. ती हात धुवायला उठली. "बघू," म्हणाली. हो म्हणाली नाही.

७ जानेवारी

मला एकच काळजी — मेली साडेसातच भरली तर! नऊ सांगायला पाहिजे होती.

१० जानेवारी

फोन लागला. वहिनींनी उचलला, नुसत्या रडल्या. पैलवानासारखी बाई. मी "बरं बरं" म्हणत राहिलो.

१५ जानेवारी

चिलीम आणायला गेलो. हरणाबाईनं पिशवीच पुढं केली. आत वर्षाच्या सहा चिलमी. सगळ्या आखूड! मी चिडलो. "लांब सांगितली होती ना!"

ती म्हणाली, "दसऱ्याला शिवलिंगप्पा आले हुते. आवाज बसलेला, कानाजवळ येऊन बोलले. 'मी गेल्यावर व्यंकट यील, लांब मागंल. अजाबात देऊ नको. त्याचीच सहा बोटं धर, नेहमीसारखी.'"

"नेहमीसारखी म्हणजे?"

"म्हंजे काय, आबा! दरवर्षी तुमच्या आदल्या दिशी येऊन हेच सांगून जायचे की."

शिवलिंगप्पा, आदल्या दिवशी! अन् गाठीचंही तुला दसऱ्यालाच ठाऊक होतं. मी लांब मागायला जाईन, हेही ठाऊक होतं. आवाज नसू दे. बसवेशच्या फोनवर बोटानं दोनदा ठोक. मला कळेल. पण ठोक रे. लवकर ठोक.