रुपला, रुतला, घर केलं

माय, आज एका इंग्रजी शब्दापायी दुपारपासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलत होते, आता लिहायलाच बसले. शब्द आहे एम्बेडेड. कशाच्या तरी आत घट्ट बसलेलं, असा त्याचा अर्थ. परभणीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते हे तू पाहिलंस, पण शिकवते म्हणजे नेमकं काय करते ते मी तुला कधी सांगितलं नाही. हेच करते. एक शब्द घ्यायचा, त्याची भावंडं गोळा करायची आणि कोण कुठं चालतो ते मुलांना सांगायचं. आजच्या मुलांना हा शब्द आधीच ठाऊक होता, ती मोबाइलवर व्हिडिओ एम्बेड करतात म्हणे. मी फळ्यावर ऐटीत मराठी अर्थ लिहिला, ‘अंतःस्थापित’. तेव्हा जिंतूरकडची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पायात काटा गेला तर अंतःस्थापित काटा म्हणायचं का?" वर्ग हसला, मीही हसले. उद्या सांगते म्हणाले आणि घरी आले, कारण काट्यांच्या बाबतीत तुझ्याशिवाय कुणाला विचारणार?

आपल्या गावी, पिंगळीत, अख्खी गल्ली काटा काढायला तुझ्याकडे यायची. कापूस वेचून बायका परतल्या की एखादी लंगडत आपल्या दारात. तू तिला बसवतेस, तिचा पाय सरळ तुझ्या मांडीवर घेतेस, धूळ-चिखल काही बघत नाहीस, लुगड्याच्या पदरानं टाच पुसतेस. आणि सुईला हात लावायच्या आधी विचारतेस, "रुपलाय का रुतलाय?" एकदा शेजारची काकू वैतागली होती. "काटा तो काटा, त्याला काय नाव-गाव इचारायलीस?" तू शांतपणे म्हणालीस, "नुस्ता रुपला आसंल तर आत्ता सुईनं काढते. रुतला आसंल तर रुईचा चीक लावावा लागंल, उद्या वर येतो. तू येगळं सांगितलंस तर येगळंच औशिद व्हईल, अन् पाय सुजंल तो तुझा." काकू निमूट म्हणाली, "रुतलाय."

शाळेत मी एकदा निबंधात ‘काटा रुपला’ लिहिलं, तर गुरुजींनी लाल शाईनं खोडून शेजारी ‘टोचला’ लिहिलं. मला तेव्हा तुझीच लाज वाटली. आज शब्दकोश मांडून बसले तर वाटलं, गुरुजींना पाठवायला हवं होतं तुझ्या ओट्यावर. इंग्रजीतही तुझ्यासारखीच वाटणी आहे गं. लॉज्ड म्हणजे नुसतं अडकलेलं, ओढलं तर निघेल. रूटेड म्हणजे रुजलेलं, ते जिवंत असतं, वाढतं. इन्ग्रेन्ड म्हणजे मुरलेलं, सवयीसारखं किंवा डागासारखं. आणि एम्बेडेड म्हणजे तुझं रुतलेलं. इतकं जमल्यावर मला मजाच वाटायला लागली. आणखी काय काय म्हणायचीस तू, ते आठवून कागदावर लिहू लागले.

तिथंच आपली ती सकाळ आली. मी बारावीत होते. परभणीच्या क्लासला जायला निघाले होते, स्टेशनवर जायची घाई. तू ओट्यावर बसलेली, टाचेत बाभळीचा काटा. जगाचे काटे काढणाऱ्या बाईला स्वतःची टाच दिसत नाही. "जरा बघ गं, मला दिसंना." मी समोर उकिडवी बसले, दोनदा सुई खुपसली आणि काटा आतल्या आत मोडला. कट् असा बारीक आवाज आला. तू विचारलंस, "निघाला का?" मी म्हणाले, "निघाला." तू टाच चाचपलीस. "बरं झालं. माझ्या लेकीचा हात हलका हाय." पुढं गल्लीभर तेच सांगत राहिलीस, आणि टाच उचलून चालत राहिलीस. तुला कळलं होतं का, हा प्रश्न मला इतकी वर्षं सोडत नाही. कळलं असेल तर मी तुझ्यापुढं खोटारडी ठरले. कळलं नसेल तर माझ्या शब्दावर विसंबून तू जन्मभर लंगडलीस. यातलं बरं कोणतं, तेही मला ठरवता आलेलं नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझ्या पायांना तेल लावत होते. टाचेत हरभऱ्याएवढी गाठ लागली. मी काही ठाऊक नसल्यासारखं विचारलं, "हे काय गं?" तू पाय ओढून घेतला नाहीस. म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. घर केलंय त्यानं. आता काढून कुठं ठिवतीस त्याला?" आपण दोघी हसलो. तू गेलीस त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

आज त्या यादीत रुतलेल्याच्या खाली मी ‘घर केलेला’ असं लिहिलं आणि हात थांबला. ‘घर केलंय त्यानं’ म्हणालीस, त्यानं म्हणजे कुणी? निघालेला काटा घर करत नाही, माय. म्हणजे तुला ठाऊक होतं. बहुतेक त्या सकाळीच कळलं असणार. हात हलका हाय, हे तू सगळं जाणून म्हणालीस. मी शब्दांची मोठी शिक्षिका, आणि तुझं एवढं साधं वाक्य मला इतक्या उशिरा कळलं. मी खूप रडले.

उद्या त्या मुलीला सांगेन, काट्याला रुतलेला म्हण. रुपलेलाही सांगेन, खोडणार नाही. ‘घर केलेला’ मात्र फळ्यावर लिहिणार नाही, ते आपल्यातलं राहू दे. तुला वाचता येत नव्हतं, आणि हे वाचून दाखवायची हिंमत मला तू असतीस तरी झाली नसती. म्हणून हा कागद यादीसकट घडी घालून शब्दकोशात ठेवते.

एक राहिलं. वर मी घाई लिहिली, सगळ्यांना तेच सांगत आले. घाई नव्हती. गाडी उशिरा आहे, हे मला घरातून निघायच्या आधीच कळलं होतं. माझी ओढणी पांढरी होती, नवी. तुझ्या टाचेच्या भेगांत काळी माती होती. मी तुझा पाय मांडीवर घेतला नाही, लांबूनच सुई धरली.