आत्याचं दार

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू दादाकडे सुखरूप पोचलीस, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि शुद्धीवर आल्या आल्या नर्सला ताठ उभं राहायला शिकवलंस, हे वहिनीकडून कळलं. तुझ्याशी फोनवर बोलायची सोय नाही. तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाच.

इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. माझं खातं तुला ठाऊकच आहे: बागा, खेळ आणि गटारं. एवढ्याशा नगरपालिकेला तीन साहेब परवडत नाहीत म्हणून तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर आणून टाकल्या आणि त्या टेबलामागे मला बसवलं. सकाळी गुलाबाच्या वाफ्यापाशी उभी असते, दुपारी पोहण्याच्या वर्गात कुणी कुणाच्या अंगावर उडी मारली त्याचा न्याय करते, संध्याकाळी गटाराचं झाकण उघडून आत वाकते. कुठला वास कुठून येतो ते आताशा कळेनासं झालंय.

जिवाला घोर आहे तो नाल्याचा. नाल्याकाठचं मोठं मैदान गेल्या वर्षी आम्ही पुरुषभर खोल केलं, ते तू पाहिलंसच. नाला भरत आला की मधलं लोखंडी दार उचलायचं आणि पाणी मैदानात घ्यायचं, म्हणजे ते खालच्या आळीत शिरत नाही. नाल्याच्या भिंतीवर पिवळी खूण केली आहे. पाणी तिथे लागलं की दार उघडायचं, हा नियम मीच घालून दिला. नियम करताना फार शहाणं वाटतं. आता येत्या रविवारी त्याच मैदानावर मुलांचा क्रीडामेळा आहे, आणि माळीबुवांनी अख्खा उन्हाळा खपून लावलेली हिरवळ जेमतेम मूळ धरतेय. दार उघडलं तर हे सगळं बुडालं. न उघडावं तर खालची आळी. आणि आळीतलं पहिलं घर तुझं.

खरी मेख तिथेच आहे. दार बसवलं त्या दिवसापासून गावात त्याला आत्याबाईंचं दार म्हणतात. काल नगराध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं, की आत्याच्या ओट्याला ओल आली की उघडणार का. सगळे हसले, मीही हसले. पण त्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि आई गेल्यावर मी वाढले त्याच घरात, तुझ्या धाकात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली आहे.

तुझं खालचं सामान माळ्यावर चढवलंय. शेजारची शिंपीणबाई मदतीला आली होती. तिची अंथरुणाला खिळलेली सासू तुझी आठवण काढते. तुझा आरडाओरडा नाही म्हणून करमत नाही म्हणे.

गुडघ्याला जप. माझ्यावरचा लोभ तेवढा ताठ ठेव.

तुझी ठमी

---

७ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं रडगाणं पोचलं. मला उत्तम ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात, त्याला मी काय करू.

इथे नवव्या मजल्यावर मला फुलासारखं ठेवलं आहे आणि मी तशीच कोमेजत चालले आहे. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. दादा ऑफिसातून आला की मी किती पावलं चालले ते विचारतो, जशी काही मी त्याच्या हाताखालची आहे. जन्मभर दुसऱ्यांना पळवलं, आता सून मला धरून न्हाणीघरात नेते. असो.

आता नीट ऐक. माझ्या घरासाठी दार उघडायचं नाही. मी त्या शाळेत खेळाची बाई होते. अर्धं गाव माझ्या शिट्टीवर धावलं, पण भाचीला झुकतं माप दिलं असं बोलायची कुणाची छाती झाली नाही. तुला मी कधी फुकटचा नंबर दिला नाही, आणि त्यात तुझं काही अडलं नाही. त्या घरात याआधीही पाणी आलंय. चार दिवस चिखल काढला, भिंतींना चुना लावला, झालं. घर काही कागदाचं नाही. मुलांचा मेळा मात्र बुडवू नकोस. वर्षभर पोरं त्या एका दिवसासाठी पळतात.

नावाला बट्टा लागला की तो चुन्याने जात नाही, एवढं ध्यानात ठेव. शिंपिणीच्या सासूला सांग, परत आले की दुप्पट ओरडेन.

औषध वेळेवर घेते आहे, तेव्हा विचारू नकोस. माझा लोभ आहे तिथेच आहे, तो काही नाल्यासारखा चढत-उतरत नाही.

तुझी आत्या

---

१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उघडलं.

शनिवारी दुपारी नाला चढायला लागला. वरच्या अंगाला अजून कोसळतंय, असा तिकडच्या चौकीदाराचा निरोप होता. पिवळ्या खुणेला दोन बोटं कमी होती तेव्हा मी कुलूप काढलं आणि चाक फिरवलं. सकाळीच आखलेल्या पांढऱ्या रेघा बघता बघता दिसेनाशा झाल्या. माळीबुवा छत्री मिटून कठड्यावर बसून राहिले, आणि त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग पाऊस थांबला. अंधार पडायच्या आत, कुणी नळ बंद करावा तसा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आळीत थेंब शिरला नाही. रविवारी लख्ख ऊन पडलं. मुलं गणवेश घालून आली आणि कुंपणाला नाक लावून त्या तळ्याकडे बघत उभी राहिली. एकीने नवे बूट हातात धरले होते. मला तिच्याकडे बघवेना.

आता जो तो शहाणा झालाय. तुझ्या घराचा कोरडा ओटा बघायला माणसं येतात, शिंपीणबाई सांगत होती. जे पाणी आलंच नाही ते मी कुणाला दाखवू? खुणेला दोन बोटं कमी असताना उघडलंच का, असा लेखी खुलासा मागवला आहे. पुढच्या सभेत मला या टेबलावरून उचलून जन्म-मृत्यूच्या नोंदीला बसवायचं घाटतंय. क्रीडा मंडळाचे चिटणीस तर उघड म्हणाले की आत्या-भाचीच्या प्रेमात गावाची पोरं बुडाली.

त्यांचं सोड. खरं दुखणं वेगळं आहे आणि ते तुलाच सांगते. ती दोन बोटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. निरोप आला होता हे खरं. पाणी भराभर चढत होतं हेही खरं. पण चाकावर हात ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझा ओटा होता, हे पण खरं. ते घर परक्या कुणाचं असतं तर मी खुणेपर्यंत थांबले असते का? मला सांगता येत नाही, आत्या. रात्री कूस बदलते आणि पुन्हा तिथेच येते. आणि तू लिहितेस की मला फुकटचा नंबर दिला नाहीस. सातवीतल्या शर्यतीत दोरीला छाती माझी लागली होती, तुलाही दिसलं होतं, आणि नंबर तू दुसऱ्या मुलीला दिलास, लोक काय म्हणतील म्हणून. त्याचा मला राग नाही. पण तराजू सरळ धरणं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

रागावायचं तर रागाव, पण लोभातून वजा करू नकोस.

तुझी ठमी

---

१५ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

खुलासा लिहू नकोस, मी बघते. बघते म्हणजे बघितलं. दादाला सांगून काल अध्यक्षाला फोन लावला. शाळेत असताना त्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, माझा आवाज ऐकून तो तिकडे ताठ उभा राहिला असणार. मी त्याला चांगलं खडसावलं. म्हटलं, माझी भाची सोन्यासारखी आहे. माझ्यासाठी दार उघडू नकोस असं मी तिला स्वतः लिहून कळवलं होतं. मला त्या दाराची काडीची गरज नाही, माझ्या आधीच्या पिढ्यांनाही नव्हती, आळीत पाणी आलं तर आम्ही समर्थ आहोत. तो काय बोलला ते नीट समजलं नाही, पण हो हो म्हणत होता आणि शेवटी आभार मानले.

तेव्हा आता स्वस्थ झोप. सातवीतल्या शर्यतीचं मला काही आठवत नाही.

मी काठी घेऊन जिना उतरायला लागले आहे. लोभ आहेच, मागून वाढवून घेऊ नये.

तुझी आत्या

---

२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादाने तुला कितपत सांगितलंय ते कळत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. आधी एवढं वाच: माणसं सगळी वाचली आहेत.

तुझ्या फोनचं असं झालं. अध्यक्षांनी तो भर सभेत सांगितला. आळीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी बाईच म्हणतात की दाराची काडीची गरज नाही, मग घाई कुणाला होती, असं म्हणाले. करायला गेलीस माझी बाजू घ्यायला, आणि कोलीत गेलं त्यांच्या हातात. किल्ली माझ्याकडून काढून घेतली. स्वतः अध्यक्ष, चिटणीस आणि इंजिनिअरसाहेब अशी समिती नेमली. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं ठरलं.

परवा पुन्हा नाला चढला. या वेळी मी खुणेपाशीच उभी होते. पाणी खुणेला लागलं, खूण दिसेनाशी झाली. दोन सह्या मिळाल्या होत्या. चिटणीस लग्नाला गेले होते आणि त्यांचा फोन त्यांच्या बायकोच्या पिशवीत होता. मला सांगण्यात आलं की नियम म्हणजे नियम. आणि मी थांबले, आत्या. हाताची घडी घालून थांबले. पुन्हा आत्यासाठी धावली असं कुणी म्हणायला नको, हेच एक डोक्यात. आळीच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला तेव्हा कुठे भानावर आले. माळीबुवांची पहार घेऊन मीच कुलूप फोडलं. त्यांनी चाक फिरवायला हात लावला, स्वतःच्या हिरवळीवर पाणी सोडायला. तोवर उशीर झाला होता.

आळीत कमरेएवढं पाणी भरलं. शिंपीणबाईच्या सासूला चौघांनी खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. ती इस्पितळात आहे, छातीत कफ झालाय, पण बोलते आहे. शिंपीणबाईची तिन्ही मशिनं गेली, लोकांचे शिवायला आलेले कपडे गेले. तुझ्या घराची मागची भिंत खचली आहे. माळ्यावरचं सामान तेवढं वाचलं.

आता सगळे गोड बोलतात. समिती मोडली, किल्ली परत दिली. खुलाशाचं प्रकरण बंद. चिटणीस स्वतः येऊन म्हणाले की बाई, तुमच्याच माणसाचं घर बुडालं, आता कोण काय बोलणार.

काल तुझ्या घरात गेले होते. पोटरीभर चिखलात उभी राहिले. ज्या खोलीत तू माझी वेणी घालायचीस तिथे आभाळ दिसत होतं. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. घर पडलं म्हणून माझ्या नावावरचा बट्टा निघाला, आणि तेवढ्या घटकेला मला ते चाललं. पलीकडे शिंपीणबाई मशिनं पुसत होती आणि मी इथे निर्दोष सुटल्याच्या आनंदात. मला माझीच शिसारी आली. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

आता लोभ असावा असं तरी कोणत्या तोंडाने लिहू.

ठमी

---

२ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दादाने आळी बुडाल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? बरं झालं, आता माझ्या पोरीला कुणी बोलणार नाही. सून माझ्याकडे बघतच राहिली. शिंपिणीची आणि तिच्या सासूची आठवण मला त्यानंतर झाली. आपण दोघी एकाच मातीच्या, तेव्हा एकटीने शिसारी बाळगू नकोस, निम्मी मला दे.

मी फोनवर नको ते बोलले. आळी समर्थ आहे असं आळीला न विचारता सांगून बसले. लोक काय म्हणतील याची काळजी तू वाहिलीस, मी वाहिली, आणि भिजली शिंपिणीची मशिनं. त्यातलं एक मी घेऊन देते, दुसऱ्याचं तू बघ, आणि तिसरं अध्यक्षाकडून वसूल करू.

गुरुवारी मी येते आहे. दादा नको म्हणतो, डॉक्टर नको म्हणतात, मला दोघांचंही ऐकू येत नाही. तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मी राहणार नाही. मागची भिंत होईपर्यंत पुढच्या खोलीत खाट टाक, खाली विटा लाव. यापुढे नाला भरेल तेव्हा मी त्या घरात असेन, या गुडघ्यावर मला पळता येणार नाही, आणि ते तुला माहीत असेल, अध्यक्षाला माहीत असेल, अख्ख्या गावाला माहीत असेल. दार उघडलंस की लोक म्हणणारच, आत्यासाठी उघडलं. म्हणू देत. तू चाक फिरवायचं.

पाणी खुणेला लागलं की उघडायचं. मी आत आहे म्हणून आधी नाही, आणि मी आत आहे म्हणून उशिरा तर मुळीच नाही.

लोभाचं विचारू नकोस. खाट पुढच्या दाराशी लाव.

तुझी आत्या